एका सुरातला वर्ग

तिसरीच्या बाईंचा वर्ग वाचायला लागला की समोरचा इस्त्रीवाला रेडिओ बारीक करायचा. सगळी मुलं एका सुरात, एका दमात वाचत. शाळेच्या भिंतींचे पोपडे निघाले होते, शेजारच्या वर्गात नुसता गोंधळ चाले. पण बाईंच्या वर्गाचं वाचन ही शाळेची शान होती. बाई त्याबद्दल फारसं बोलत नसत. फक्त वाचनाच्या तासाला खिडक्या सताड उघड्या ठेवत.

मग बाहेरच्या माणसांनी येऊन वाचनाची चाचणी घेतली आणि बाईंचा वर्ग सपशेल आपटला. मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं. "सभेत आपण एकच सांगायचं," ते बाईंना म्हणाले. "घरी कोणी लक्ष देत नाही." बाईंना ते पटलंही. निकाल पाहून त्यांना पालकांचाच राग आला होता.

सभेच्या दिवशी दुपारी त्यांनी टेम्पोवाल्याच्या मुलीला जवळ बसवलं. वर्गात सगळ्यांत खणखणीत आवाज तिचा. मुलगी घडाघडा वाचू लागली. पान संपलं तरी वाचत राहिली, पान न उलटता.

बाईंनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता गं?"

मुलगी धडा पहिल्या ओळीपासून पुटपुटत त्या शब्दापाशी आली आणि म्हणाली, "नदी."

उत्तर बरोबर होतं. तरी बाईंनी आणखी काही मुलांना बोलावून पाहिलं. तीच गत.

संध्याकाळी पालक मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. मुख्याध्यापकांनी आल्या आल्या तोफ डागली. "घरून अभ्यास झाला नाही, तर ही मुलं पुन्हा तिसरीतच बसतील."

"पगार तुम्ही घ्यायचा आणि अभ्यास आम्ही?" एक आई कडाडली.

"मी पहाटे गाडी काढतो ती रात्री लावतो," टेम्पोवाला म्हणाला. "मी कधी शिकवू, सिग्नलला?"

बाई गप्प बसल्या असत्या, तर कुणाला काही कळलं नसतं. त्यांचं एवढ्या वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. त्या उभ्या राहिल्या.

"मुलांना वाचता येत नाही, धडे पाठ आहेत. मधल्याच शब्दावर बोट ठेवलं की अडतात. मी सगळ्यांकडून एकदमच वाचून घेतलं, एकेकाचं कधी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

मुख्याध्यापक चष्मा पुसायला लागले. टेम्पोवाला उठला. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"म्हणजे आमची घरी पुस्तक न उघडता धडे म्हणते, ते..."

"तेच."

"अहो, मी गल्लीभर सांगत फिरलो! पोरगी एवढी हुशार, तिला पुस्तकसुद्धा लागत नाही म्हणून!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. "आमचा तर पुस्तक उलटं धरून वाचतो," एक मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, नवीन पद्धत असेल."

मग सगळेच हसले. मुख्याध्यापक "तरीपण पालकांनी..." म्हणायला लागले, तेव्हा टेम्पोवाल्यानेच त्यांना थांबवलं. "बाईंनी त्यांचं सांगितलं सर. आता आमचं ऐका. आम्हीही कधी बोट ठेवून विचारलं नाही. आजपासून विचारू."

सगळंच गोड झालं नाही. बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांनी तो दोन ओळींत दिला. कडाडणाऱ्या आईने मुलाला दुसऱ्या शाळेत घातलं. पण कुणालाही पुन्हा तिसरीत बसवायचं नाही, असं ठरलं. आता रोज एकेक मूल बाईंच्या टेबलापाशी येतं आणि अडखळत, अक्षर अक्षर जोडत वाचतं. टेम्पोवाल्याची मुलगी परवा न पाहिलेल्या धड्यातली आख्खी ओळ वाचून गेली. बाईंनी तिला ती पुन्हा वाचायला लावली. गरज नव्हती, त्यांनाच ऐकायची होती.

"काय बाई," इस्त्रीवाल्याने रस्त्यापलीकडून हटकलं, "हल्ली वर्गाचा आवाज नाही. शिकवणं बंद केलंत की काय?"

"बंद नाही हो. पण तुमचा रेडिओ तेवढा बारीक ठेवा," खिडकीतून बाई म्हणाल्या. "आत एकटी पोर वाचतेय, मला ऐकू येत नाही."