लाइनेने काळा घागरा नेसला त्याची गोष्ट

उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या किह्नू बेटावर बाईचा घागरा पाहिला की तिच्या घरी काय चाललंय ते विचारावं लागत नाही. सुखात असली तर लालभडक पट्टे, घरचं माणूस गेलं की काळेनिळे. पुढे दुःख ओसरेल तसा नवा घागरा विणायचा, त्यात थोडं लाल जास्त.

लाइनेचे सगळे घागरे लाल होते. तिचा नवरा एन्डेल मुलखाचा अबोल. लग्नाच्या दिवशी तो चार शब्द बोलला आणि त्यातले दोन कुत्र्याशी, असं लोक हसून सांगत. पण लाइने मागावर बसली की तो जवळ येऊन जाळं दुरुस्त करत बसायचा. तिला तेवढं पुरत होतं.

लेक माइरे पाळण्यात असतानाची गोष्ट. मार्चमध्ये एन्डेल शेजारच्या यूहानबरोबर गोठलेल्या समुद्रावर सीलच्या शिकारीला गेला. वारा फिरला. दुसऱ्या दिवशी यूहान एकटाच परत आला आणि दारातच उभा राहिला.

"मध्येच बर्फाला भेग पडली. तो पलीकडे राहिला. मग धुकं आलं. हाका ऐकू येत होत्या... मग येईनात."

शोधाशोध झाली. काही सापडलं नाही. त्याच आठवड्यात सासूने, आन्नीने, पेटीतून काळा घागरा काढून नेसला आणि दुसरा सुनेपुढे ठेवला.

"हे कोणासाठी, आई?"

"तुला ठाऊक आहे."

"तुम्ही पाहिलंत त्याला मेलेलं? मग मी का मारू? एखाद्या परदेशी जहाजाने उचललं असेल त्याला."

तेव्हा सोव्हिएत राज्य होतं. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाची खबर यायचीच नाही. त्यामुळे तिची आशा खोटी पाडणार तरी कोण?

दुकानात यूहानची बायको हिल्या टोमणा मारायची, "काय गं, नटूनथटून कुठे? लग्नाला?"

"एन्डेल येतो," लाइने म्हणायची. आणि बेटावरच्या भाषेत 'येतो' आणि 'येईल' यांना शब्द एकच. तो वाटेत आहे म्हणते, की कधीतरी येईल म्हणते, ते ऐकणाऱ्याला कळत नसे. हिल्या खाली बघून मीठ मोजून घ्यायची.

अशी वर्षं गेली. एका घरात दोन बायका, एक लाल, एक काळी. दोघी मिळून राय धान्याचा काळा पाव भाजायच्या, मेंढ्या कातरायच्या, पण त्याचं नाव काढायच्या नाहीत. शनिवारी मात्र दोघी एकत्र वाफेच्या न्हाणीत बसायच्या. तिथे अंगावर घागरा नसायचा.

अशाच एका शनिवारी लाइने न्हाणीतल्या रिवाजाप्रमाणे बर्च झाडाच्या पानांच्या जुडीने सासूची पाठ झोडत होती. पाठीची हाडं मोजता येत होती.

"पोरी," आन्नी म्हणाली, "मी फार दिवस नाही आता."

"काहीतरीच काय, आई."

"ऐक. मी गेले की माझ्या पोरासाठी काळं नेसणारं कोणी उरत नाही. त्याला कोणी रडलंच नाही, असं होईल."

लाइनेने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ चर्र करत उठली. सासूच्या पाठीला डोकं टेकून ती रडली. पहिल्यांदाच.

पानगळीत आन्नी गेली. पुरायच्या दिवशी लाइने काळ्यात बाहेर आली, तेव्हा अंगणातल्या माणसांनी सरकून वाट दिली.

हिल्याने जवळ येऊन तिचा हात धरला. "सासूसाठी?"

"दोघांसाठी."

आन्नीच्या शेजारी रिकाम्या जागेवर एन्डेलचा क्रूस लागला. तो यूहानने केला, कोणी न सांगता.

वर्ष उलटल्यावर माइरे म्हणाली, "आई, आता थोडं लाल घाल ना." लाइनेने एक बारीक रेघ घातली. त्यापुढे कधी वाढवली नाही.

मग देश मोकळा झाला. कधीकाळी स्वीडनला पळालेली माणसं म्हातारी होऊन बेट बघायला येऊ लागली. पहिली बोट लागली त्या दिवशी लाइनेने मोटरसायकल काढली आणि धक्क्यावर गेली. उतरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचा चेहरा तिने पाहिला. शेवटचा माणूस उतरून गेला, दोर सुटला, तरी ती उभीच होती.

घरी आली तेव्हा माइरेने विचारलं, "कोणी ओळखीचं होतं?"

"नाही," लाइने म्हणाली, आणि मेंढ्यांना पाणी दाखवायला गेली.