बाळू होडीत बसत नाही

लोकांकडे ऑफिसचे किस्से असतात, लग्नातल्या रुसव्याफुगव्यांचे असतात. आमच्याकडे जंगलाचे आहेत, आणि त्यातला एकही आम्ही घराबाहेर पडून कमावलेला नाही! सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो, आणि चहा गार होतो.

कॉलेजच्या होस्टेलपासूनची आमची चौकडी. मी नगरला एमआयडीसीत. विल्सन शाळेत मास्तर, म्हणून त्याला आम्ही 'सर' म्हणतो. सागरचं शिंगणापुरात प्रसादाचं दुकान. बाळूची राहात्याला पेरूची बाग. आणि बाळूचा थोरला भाऊ, तो आमच्या सगळ्यांचाच दादा. रविवारी विल्सन चर्चमधून आला, जेवणं झाली, की दुपारी आम्ही पाचही जण कॉम्प्युटर लावायचो, मोबाईलवर ग्रुप कॉल जोडायचो आणि जंगलात शिरायचो. गेमचं नाव सोडा. अंगावरच्या कपड्यांनिशी रानात उतरायचं आणि जगून दाखवायचं, एवढंच. जीव एकच. मेलात की तुमचा गडी, म्हणजे पडद्यावरचा तुमचा माणूस, कायमचा पुसला!

* * *

पहिल्या रात्री सगळ्यांनी झोपड्या बांधल्या. म्हणजे गेममधली रात्र. बाहेर रणरणतं ऊन होतं. सागरच्या झोपडीला दारच नाही!

"अरे, दार लाव, लांडगे येतील," मी ओरडलो.

"आमच्या गावात घराला दार नसतं. सवय न्हाई."

सकाळी बघतो तर माझं दार फोडलेलं, आत साठवलेलं सगळं मांस गायब. सागरच्या झोपडीपाशी लांडग्याच्या पायांचे ठसे उंबऱ्यापर्यंत आलेले आणि तिथूनच मागे फिरलेले.

"लॅग असेल," सर म्हणाला. नेट अडखळलं की गेममध्ये भलतंसलतं दिसतं, त्याला लॅग म्हणतात. सरकडे प्रत्येक गोष्टीला तेवढं एकच उत्तर.

सागर म्हणाला, "आरं, जिथं चोर येत न्हाई तिथं लांडगा काय येतोय!"

* * *

त्या रानात फिरायच्या दोन तऱ्हा. पायी गेलात तर ओझं हवं तेवढं न्या, पण लांडगे मागे लागतात. होडीनं गेलात तर झटपट पोचता, जनावर जवळ येत नाही, पण वजन जास्त झालं की होडी बुडते.

आम्ही पहिली होडी बांधली, सामान भरलं आणि ती काठालाच बुडाली. दादा धावत आला.

"काय भरलंय एवढं?"

"हंडे," सागर म्हणाला.

"कसले?"

"पान्याचे!"

दादा कपाळावर हात मारून म्हणाला, "आरं, तुमी नदीवर निघालाय ना?"

"दादा, टँकरचा काय भरवसा न्हाई!"

दुसरी होडी मग दादानं स्वतः बांधली, टोकाला लाल फडकं लावलं. होडीत जो आधी चढतो तो आपोआप मागे वल्ह्यावर बसतो. नंतर चढणारे पुढे, आणि त्यांच्या हातात काहीच नसतं. दादा कायम मागे, बाळू कायम पुढे. दादा होडी अशी पळवायचा की बाळू मोटारसायकलवर जे म्हणायचा तेच इथंही म्हणायचा, "दादा, हळू."

* * *

मागच्या उन्हाळ्यात दादा गेला. बागेतच हार्ट अटॅक आला. माणूस इतका चांगला होता की अजून रविवारी कॉल जोडताना बोट त्याच्या नावावर जातं.

बाळू बऱ्याच दिवसांनी गेममध्ये परत आला, पण होडीत बसेना. आम्ही म्हटलं, पायी मरशील, तुला जीव एकच आहे.

"मागं बसलो तर ती दादाची जागा. फुडं बसावं तर वल्हवनार कोन?"

बरं, बाळूचा तो गडीही दादानंच बनवून दिलेला, स्वतःसारख्या मिशा लावून. बाळू त्याला जिवापाड जपायचा. तो मेला की दादाच्या हातचं तेवढंही जाणार होतं. दादाची होडी धक्क्याला बांधलेली. तिला कुणीच हात लावत नव्हतं.

* * *

एकदा आम्ही तिघं नव्या बांधलेल्या होडीतून आणि बाळू काठाकाठानं पायी, असे निघालो. आम्ही केव्हाच पोचून शेकोटी पेटवली.

फोनवर बाळू म्हणाला, "तुमी माझ्यासाठी मागं का थांबलाय? जा की फुडं."

"आम्ही पोचलो, बाळू."

"मग माझ्या मागं वल्ह्याचा आवाज कुनाचा येतोय?"

"लॅग," सर म्हणाला, पण जरा उशिरानं.

परत आल्यावर आम्ही आधी धक्का बघितला. दादाची होडी होती तिथंच होती.

* * *

या दिवाळीनंतरची गोष्ट. बाळू एकटाच पायी वर डोंगराकडे गेला, नदीच्या उगमाच्या बाजूला. आम्ही खाली धक्क्यापाशी. रानात अंधार पडला आणि त्याला लांडग्यांनी घेरलं. पुढे लांडगे, मागे बर्फासारखं पाणी.

"भाला तुटला रे! पाय धरलाय त्येनी!"

आम्ही वल्हवायला लागलो, पण प्रवाह उलटा, पोचणं शक्य नव्हतं. बाळूचा आवाज चिरकला. "दादाचा गडी चालला रे."

मग एकदम त्याचा सूर बदलला.

"तुमी आलात व्हय?" बाळूनं विचारलं.

"नाही रे, लांब आहोत!"

"मग ही होडी कुनाची? लाल फडकं हाय हिला."

मी मागे वळून धक्का बघितला. नुसता दोर लोंबत होता. सुटलेली होडी प्रवाहाबरोबर खाली जाते. ही वर गेली होती.

"चढ!" मी ओरडलो.

तो चढला. लांडग्यांचं गुरगुरणं लांब लांब गेलं.

"वल्हव, बाळू!"

"कसं वल्हवू? मी फुडं बसलोय."

आम्ही तिघांनीही वल्हवणं थांबवलं.

"मी काहीच दाबत न्हाई," बाळू म्हणाला. "होडी चाललीय."

सर आता लॅग म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. सर काही बोलला नाही. फोनमधून वल्ह्याचा आवाज येत होता, भरभर, नेहमीसारखा.

मग बाळू अगदी हळू आवाजात म्हणाला, "दादा, हळू."