पाखरीचा पाय

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाखरीचा पाय शेकणं. पाखरी आमची घोडी. एकेकाळी नवरदेव मिरवायची, आता पुढच्या पायानं लंगडते. पाय बरा होणार नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलेलं. तरी बायको रोज सकाळी एरंडाची पानं गरम करून बांधायची. तिच्या बांगड्या वाजल्या की घोडी आपण होऊन पाय उचलायची. मी हाका मारल्या तर ढुंकून बघायची नाही.

त्या दिवशी पाय शेकून झाला, आणि दुपारी बायको चुलीपुढं बसल्या बसल्या गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिच्या हातात हिरवा चुडा भरला. बांगड्या किणकिणल्या, आणि पडवीत पाखरीनं दुखरा पाय उचलून धरला. घोडीकडं कुणी गेलं नाही.

स्मशानातून येताना शेजारचा गणपा म्हणाला, "आबा, म्हातारी सुटली. आता लंगडीलाही सोडवा. तीन पायांवर काय जगणं?"

"तू दोन पायांवर जगून काय दिवे लावलेस?"

माणसाला मरण सांगता येतं. तो रडतो, मग जेवतो. जनावराला कोण सांगणार? त्याच्या लेखी मेलेल्या माणसाला नुसता उशीर झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पानं गरम केली. चुडा भरताना काढलेल्या तिच्या जुन्या बांगड्या मुठीत घेऊन वाजवल्या. पाखरीनं लगेच पाय दिला, आणि माझ्यामागं दाराकडं बघत राहिली. मी बांगड्या खिशात टाकल्या आणि पान बांधलं.