टिटवीचं चौथं अंडं

खडीच्या खाणीवर वजनकाट्याच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे काटाबाई म्हणत. भरलेला ट्रक काट्यावर चढला की त्या आकडा बघायच्या, पावती फाडायच्या. "बाई, दहा-वीस किलो इकडेतिकडे करा की," असं नवा ड्रायव्हर एकदाच म्हणे. दुसऱ्यांदा म्हणायची छाती होत नसे. तेवीस वर्षांत त्यांनी खोटा आकडा लिहिला नव्हता. त्यांना याचा गर्व आणि सासूबाईंना वैताग, कारण पाहुण्यांसमोरही त्या सासूबाईंचं खरं वय सांगून मोकळ्या होत.

खाण सरकत सरकत माळावरच्या गवताला भिडली, तेव्हा सरकारी नियम निघाला: गवतात घरटं सापडलं, तर त्यातलं शेवटचं अंडं फुटेपर्यंत त्या पट्ट्यात यंत्र घालायचं नाही, घातलं तर जबर दंड. नोंदी मालकांनी काटाबाईंवर सोपवल्या. "त्यांच्या सहीवर कोण शंका घेणार?"

घरटं सापडलं टिटवीचं. घरटं कसलं, खड्यांतली खळगी. टिटवीने डोक्यावर घिरट्या घालून असा काही कांगावा केला, की काटाबाईंनी छत्रीआडून लांबूनच अंडी मोजली. मातकट, काळ्या ठिपक्यांची. चार. सही ठोकली.

खणणारा पोकलेन जुन्या खड्ड्यात परतला. काटाबाई रोज डबा खाऊन घरटं बघून येऊ लागल्या. तेवीस वर्षं त्यांना गवत म्हणजे न खणलेली खडी वाटायचं. आता त्यात ससे दिसले, चंडोल दिसले.

"घरात कोण जेवलं, कोण उपाशी, ते बघ आधी," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतपणं काढतेय पाखरांची!"

चौथ्या आठवड्यात तीन पिल्लं निघाली आणि लगेच तुरुतुरु पळत सुटली. चौथं अंडं ढिम्म. काटाबाईंनी वाकून उचललं आणि तळहातावर तोललं. खडीत मुरलेला हात त्यांचा. दगड होता.

पिल्लांना उडायला अजून महिना हवा होता. खरं सांगितलं, तर उद्या सकाळी पोकलेन गवतात. नाही सांगितलं, तर आपल्या सहीवर खोटा आकडा. त्यांनी दगड होता तिथे ठेवला. रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं.

"अगं, राहू दे की चार," सासूबाई म्हणाल्या. "तुझं काय जातंय?"

"सही जाते, आई."

सकाळी त्यांनी मालकांना गाठलं. "चुकले मी. चौथं अंडं नाही, दगड आहे."

मालकांनी घाबरून विचारलं, "आणि उद्या फुटलं तर?"

"दगड कसा फुटेल?"

"आपली मशीन फोडते ते वेगळं. हा आपोआप फुटला तर दंड कोण भरणार?" त्यांनी तपासणीवाल्या साहेबांना बोलावलं.

साहेबांनी लांबूनच दुर्बिणीने पाहिलं, मग वही उघडली. "नोंदलेलं अंडं खोडायला दोनच कारणं चालतात. एक तर पिल्लू निघालं, नाही तर नासलं."

"दगड नासत नाही, साहेब."

"मग तूर्त अंडंच."

"हातात घेऊन तरी बघा!"

"घरट्यातल्या अंड्याला हात लावायची मनाई आहे." साहेबांनी मान वर केली. "तुम्ही लावलात?"

"लावला. म्हणून तर कळलं."

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. "मी ऐकलं नाही."

"पुन्हा सांगते."

"नका सांगू, बाई!" मालक आणि साहेब एकदमच ओरडले.

दगडाभोवती दोरी बांधली, पाटी लागली. दर सोमवारी काटाबाई ठसठशीत अक्षरात लिहीत, 'दगड आहे', आणि कागद साहेबांचा 'पाहिले' असा शिक्का घेऊन परत येई. पोकलेन जुन्या खड्ड्यातच खोल जात राहिला. खडी तिथेही भरपूर निघाली, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पाटी लागल्यानंतर पाचव्या आठवड्यात तिन्ही पिल्लं काट्याच्या खोलीवरून उडत, कर्कश ओरडत गेली. तेवढ्यात फोन वाजला.

"काटाबाई, काही हालचाल?" मालकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही, मालक. दगड आहे तो."

"बरं, बरं. लक्ष ठेवा."