बाबांनी पूर्ण वाचलेली कादंबरी

बाबांच्या फोटोखाली हात जोडलेले इमोजी टाकू नका.
निदान आमच्या वाचनगटातल्या मंडळींनी तरी नकोच.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. सकाळीच ग्रुपवर, गट चालवणाऱ्या सरांचा मेसेज. "एक जाणकार वाचक आपण गमावला."

जाणकार? अहो सर, त्या दिवशी काय म्हणाला होतात, आठवतंय का?
नसेलच. मी सांगते.

बाबांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा. वाचन म्हणजे पेपर, फार तर दिवाळी अंक. मी शनिवार पेठेतल्या गटात जाते म्हणून त्यांनी माझ्या टेबलावरची, गटात चर्चेला घेतलेली चारशे पानी कादंबरी उचलली. दोन-दोन पानांची वाक्यं, कोण बोलतंय पत्ता नाही. गाळ्यावर बसून तीन महिने वाचत होते. वैतागायचे.

"हा माणूस सरळ का बोलत नाही गं?"

पण सोडली नाही. संपवली आणि म्हणाले, "मलाही ने की तुमच्या चर्चेला."
इस्त्रीचा शर्ट घातला. वहीत मुद्दे लिहून घेतले.

आमच्या गटात प्रत्येकाला दोन मिनिटं, मग सर घंटी वाजवणार. बाबा उभे राहिले.

"निम्मं पुस्तक मला कळलं नाही. लेखकाचा रागच आला. पण तो म्हातारा गावी परत जातो आणि त्याला कुणीच ओळखत नाही, तिथे मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही."

सर हसले. "अहो, तो म्हातारा नाहीच मुळी. ते स्मृतीचं रूपक आहे. असो. कांदे निवडण्याइतकं सोपं नसतं हे."

आणि घंटी. एक मिनिटही झालं नव्हतं हो!

सगळे हसले. मोठ्याने नाही, आपल्या पुणेरी पद्धतीने, ओठ न उघडता.

बाबांनी वही पिशवीत टाकली. बाकीचे मुद्दे वहीतच राहिले. पुन्हा कधी आले नाहीत, आणि कादंबरी म्हणून हातात धरली नाही.

सर, तुमचा राग येतो. भयंकर येतो. तुमची श्रद्धांजली तुमच्यापाशीच ठेवा.

पण हसणाऱ्यांत मीही होते.

आणि बाबांनंतर माझा नंबर होता. मी 'स्ट्रक्चर'वर फाडफाड बोलले. सरांनी मान डोलावली.

बाबा, मी फक्त साठ पानं वाचली होती. बाकी सगळं नेटवरच्या परीक्षणातलं.

घरी येताना स्कूटरवर मागे बसून तुम्ही म्हणालात, "तू मात्र छान बोललीस हो."

मी थँक्यू म्हणाले.

माफ करा, बाबा. नमस्कार करते.