नाही म्हणायची मुभा

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या ताई समुपदेशक आहेत, पण त्यांचं निम्मं काम माझ्या स्वयंपाकघरात चालतं. मी इथला आचारी. सुरुवातीला माझं डोकंच फिरायचं. इथं फोडणीची घाई, आणि या बाई एखाद्या पेशंटला घेऊन बटाटे सोलत बसलेल्या! सालीबरोबर अर्धा बटाटा जायचा.

त्यांचं म्हणणं असं, की ऑफिसात टेबलापलीकडच्या माणसाला ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती होत नाही. म्हणून महत्त्वाचा प्रश्न त्या इथं पुन्हा विचारतात, हाताला काम देऊन.

मध्यंतरी आमच्या साहेबांनी देणगीदारांसाठी फिल्म करायची टूम काढली. दारू सोडलेला पेशंट कॅमेऱ्यासमोर बोलणार. निवडले कोण, तर शिंपीमास्तर. बायकांचे कपडे शिवणारा भिडस्त माणूस, नुकताच दाखल झालेला. साहेबांनी विचारलं, हे लगेच हो म्हणाले. कॅमेरावाला अंगणात वायरी पसरू लागला, तेव्हा ताई मास्तरांना घेऊन माझ्याकडे आल्या.

"मास्तर, नक्की बोलायचंय ना?"

"हो, हो."

बटाटे सोलणं चालू राहिलं. मग मान खाली घालूनच मास्तरांनी विचारलं, "नाही म्हटलं तर घरी पाठवतील ना?"

"कोण पाठवतंय? तुमची खाट तुमचीच."

"मग नको, ताई. गिऱ्हाइकांनी बघितलं तर दुकानाची पायरी कोण चढेल?"

ताई तडक अंगणात. झारा घेऊन मीही मागोमाग. भांडण चुकवणं माझ्या रक्तात नाही.

"अहो, त्यांनी स्वतः हो म्हटलंय!" साहेब म्हणाले.

"त्यांची खाट तुमच्या हातात आहे, साहेब. ते तुम्हाला दुसरं काय म्हणणार?"

साहेबांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही, उत्साह फार. शेवटी कॅमेऱ्यासमोर ते स्वतःच बोलले, आणि बोलतच राहिले.

दुपारी सगळे जेवायला बसले. मास्तर आल्यापासून ताटात पडेल ते मुकाट्यानं खायचे. त्या दिवशी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाजी खारट झालीय हो."

माझा पारा चढला. पण ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं, कारण समोर ताईंचे डोळे आनंदानं भरले होते. मी चव घेऊन पाहिली. खारट होतीच.

"उद्या मीठ कमी घालतो, मास्तर," मी म्हणालो, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.