बाळ येशूची आंघोळ

आईच्या लेखी मी कामाला ठेवलेली बाई आहे. चहा नेऊन दिला की ती कप दोन्ही हातांत धरते आणि अदबीनं विचारते, तुमी कुठनं येता, बाय? सुरुवातीला मी सांगायचे, अगं आई, मी तुझी मुलगी, हे आपलंच घर, पनवेल. ती ऐकून घ्यायची, थापा मारणाऱ्या माणसाकडे भिडेखातर बघावं तसं बघायची आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारायची. आता मी नुसतं 'इथलीच' म्हणते आणि रिकामा कप घेऊन आत जाते. राग येतो. आजारावर रागावू नये हे डॉक्टरांनी बजावलंय, मलाही कळतं, पण येतो.

आई मूळची करंज्याकडची. लग्न होऊन पनवेलला आली, सगळा जन्म इथं काढला, तरी बोली तिकडचीच राहिली. आता आठवण गेली, पण हात तसेच आहेत. दिवसभर काही ना काही चाचपत असतात, पदराला गाठ मारतात, सोडवतात. मला मात्र त्यांनी कितीतरी दिवसांत हात लावलेला नाही. परक्या बाईला कोण उगाच कुरवाळतं?

निवृत्त झाल्यावर डोकं गंजू नये म्हणून मी दर शनिवारी खारघरला एका ख्रिस्ती अभ्यासवर्गाला जाते. यंदा विषय होता देहधारणा, म्हणजे देवानं येशूच्या रूपात माणसाचं अंग घेतलं, तो. जुन्या धर्मपंडितांनी यावर शतकानुशतकं डोकी फोडली आणि शेवटी ठरवलं, तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही एकाच जिवात. देवपण उणं झालं नाही आणि माणूसपणही वरवरचं सोंग नव्हतं. हल्लीचे अभ्यासक आणखी पुढे जातात. देवानं देह घेतला म्हणजे भूक, घाम, माती सगळंच अंगावर घेतलं, वीटभट्टीवरच्या बाईच्या भेगाळलेल्या टाचासुद्धा त्यात आल्या, असं ते म्हणतात. हे मला पटलं होतं.

तरी मी एकदा वर्गात उठून विचारलंच. देवाला आपलं प्रेमच कळवायचं होतं ना, मग निरोप धाडून भागलं नसतं का, अंग कशाला हवं? सर म्हणाले, "निरोपाच्या कुशीत शिरता येतं का?" सगळा वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. मग सर पुढे बोलत राहिले, की तो आपल्याच माणसांत आला आणि आपल्याच माणसांनी त्याला ओळखलं नाही. बाकीचं सगळं मी लिहून घेतलं, तेवढं घेतलं नाही. देव अंग घेऊन आला म्हणे. माझ्या घरात अंग होतं आणि आईच निघून गेली होती.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं फादरनी नाताळच्या आधी महिला मंडळापुढे याच विषयावर बोलायचं काम माझ्या गळ्यात घातलं. एका दुपारी मी त्याचीच तयारी करत बसले होते. नाताळला आमच्या चर्चमध्ये गोठ्याचा देखावा मांडतात, त्यातला बाळ येशू वर्षभर आमच्याकडे असतो. आई धडधाकट होती तेव्हा दर नाताळला त्याला नवं झबलं शिवायची, म्हणून तो सांभाळायचं काम तिच्याकडे आलं आणि पुढे कुणी ते काढून घेतलं नाही. यंदा झबलं मी विकतच आणलं होतं. मूर्ती पेटीतून काढून पलंगावर ठेवली आणि दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात पळाले.

परत येते तो पलंग रिकामा आणि बाथरूममध्ये पाण्याचा आवाज. आई पाटावर बसली होती. साडी गुडघ्यापर्यंत सारलेली, पाय लांब केलेले, आणि पायांवर बाळ येशू पालथा. प्लास्टरच्या पाठीला तिनं तेल चोळलं होतं, वर डाळीचं पीठ लावलं होतं, आणि आता कोमट पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन मग त्याच्यावर ओतत होती. सोनेरी केस केव्हाच धुऊन गेले होते. गुलाबी रंगाचे ओघळ मोरीकडे चालले होते. तिनं त्याला उताणं केलं आणि सरळ यावं म्हणून त्याचं नाक चिमटीत धरून हळूच ओढलं.

कर्म माझं! काय करून ठेवलंस, आता चर्चमध्ये काय तोंड दाखवू, असं मी किंचाळलेच. आईनं मान वर केली.

"वरडू नको, बाय. पोर दचकंल."

आणि तिनं त्याला टॉवेलात गुंडाळून खांद्याशी धरलं, पाठीवर थोपटायला लागली. मी दारात उभी. रंगाचं दुःख मला झालंच नाही, खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटला. ज्याच्याबद्दल वर्षभर वाचत होते त्या देवाचाच हेवा वाटला. पूर्ण माणूस होणं म्हणजे काय, ते मला मंडळाच्या बायकांना समजावून सांगायचं होतं. पण भाषण गेलं चुलीत, मला ते हात हवे होते.

बाळाला पलंगावर निजवून ती शेजारीच टेकली. तेलाची वाटी अजून तिच्याजवळ होती. मी केस सोडले आणि तिच्या पायांशी जमिनीवर बसले. या वयात लाज वाटली. म्हटलं, मलाही लाव ना जरा.

तिनं माझ्या मोकळ्या केसांकडे पाहिलं.

"तुला आई नाय?"

"आहे," मी म्हटलं. "पण ती मला ओळखत नाही."

मग तिनं माझं डोकं ओढून आपल्या गुडघ्याला टेकवलं आणि टाळूवर तेल घातलं.

"वळखील ती," आई म्हणाली. "तवर मी हाय."